टाळेबंदी पुन्हा लागली तर : सोसायटीच्या नव्या कमिटीसाठी

आमच्या सोसायटीत नवी कमिटी आली. नवा सेक्रेटरी तिशीच्या आतला, गेल्या वर्षीच फ्लॅट घेतलेला. क्लबहाउसचं कपाट ताब्यात घेताना त्याला एक निळी फाइल सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘कोविड. टाकू नये.’ मला म्हणाला, “काकू, ही आता रद्दीत द्यायची ना?”

मार्च २०२० ते एप्रिल २०२२ या काळात मी या बहात्तर फ्लॅटच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. बँकेतून निवृत्त झाले होते, वेळ होता, आणि बैठकीला जे हजर होते त्यांनी माझं नाव सुचवलं. आदेश वाचायला मी चुका करत करत शिकले. पुढची साथ कधी येईल, कशाची असेल, मला ठाऊक नाही. पण ज्याच्या हाती कपाटाची किल्ली येईल त्याला पहिल्याच आठवड्यात काय करावं लागेल, एवढं मी सांगू शकते. हा मुलगा तेव्हा कॉलेजात होता, आईवडिलांच्या घरी. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

१. आधी आपली हद्द कुणाची ते बघा

यात काय बघायचं, असं वाटेल. पण आमचे निम्मे वाद इथूनच सुरू झाले.

आम्ही नऱ्ह्यात राहतो. शेजारची धायरी २०१७ मध्येच पुणे महापालिकेत गेली. नऱ्हे मात्र ३० जून २०२१ ला, एकूण तेवीस गावांच्या लोंढ्यात आत आलं. म्हणजे साथीची पहिली सव्वा वर्षं आमच्यासाठी जिल्हाधिकारी आणि ग्रामपंचायत, आणि त्यानंतर महापालिका. महापालिका आयुक्तांचा आदेश आला की आमच्या ग्रुपवर एक तर आनंदीआनंद नाही तर रडारड. आणि तो आदेश बऱ्याचदा आम्हाला लागूच नसायचा! पुण्यात महापालिका, पिंपरी-चिंचवड, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट, आणि उरलेलं ग्रामीण, एवढे वेगवेगळे मालक आहेत. ‘पुण्यात दुकानं उघडली’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नसतो.

सोपा उपाय: मिळकतकराची पावती काढा. ती ज्याची, त्याचा आदेश तुमचा. पोलिस ठाण्याची हद्द मात्र वेगळी तपासा, ती पालिकेच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. ठाण्याचा नंबर, जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीचा ११२, हे मोठ्या अक्षरात लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. मोबाइलमध्ये आहेत म्हणून थांबू नका. रात्री अडीचला वॉचमनलाच फोन करावा लागतो.

२. मूळ आदेश मिळवा आणि तो पूर्ण वाचा

फॉरवर्ड नको, बातमीचा स्क्रीनशॉट नको. जावक क्रमांक, तारीख आणि सही असलेली पीडीएफच हवी. ती जिल्ह्याच्या किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावर येते, साधारण बातमीनंतर काही तासांनी. तेवढे तास गप्प बसायची तयारी ठेवा. ग्रुपवर एवढंच लिहा : “आदेश हातात आला की कळवते.” मी हे वाक्य पाठच केलं होतं.

वाचताना पेन्सिल घेऊन या गोष्टी शोधा :

कधीपासून आणि कधीपर्यंत, तारखेबरोबर तासही. एप्रिल २०२१ चा राज्याचा आदेश १४ एप्रिलच्या रात्री ८ ते १ मेच्या सकाळी ७ असा होता. आमच्याकडे अर्ध्या लोकांनी तो ‘१ मेपर्यंत’ म्हणून १ मेचा अख्खा दिवस धरला.

शब्द कोणता वापरलाय. जमावबंदी म्हणजे पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र यायचं नाही. संचारबंदी म्हणजे सबळ कारणाशिवाय घराबाहेरच पडायचं नाही. टाळेबंदी हा आपला ढोबळ शब्द, त्यात काय काय बंद ते आदेशच सांगतो. तसंच, बाधित माणसाला वेगळं ठेवणं निराळं आणि बाधिताच्या संपर्कात आलेल्याला वेगळं ठेवणं निराळं. लोक दोन्हीला क्वारंटाइनच म्हणायचे, आणि मग दिवस मोजताना गोंधळ.

अत्यावश्यक सेवांची यादी. ही दर आदेशात बदलते. मागच्या वेळी चष्म्याचं दुकान त्यात होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही.

कोणत्या कायद्याखाली. साथरोग कायदा १८९७ चा, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. आदेश मोडला तर तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, आणि जमावबंदी-संचारबंदी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ खाली. १ जुलै २०२४ पासून दोन्ही आकडे बदलले : १८८ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं २२३, १४४ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. उद्या कुणी ‘१४४ लागू’ असा फॉरवर्ड पाठवला तर तो जुना आहे हे यावरूनच ओळखा.

आता यातला सगळ्यात मोठा खड्डा. वरच्याचा आदेश सैल आणि खालच्याचा कडक असेल तर कडकच लागू. स्थानिक प्रशासन निर्बंध वाढवू शकतं, वरचे निर्बंध स्वतःच्या मर्जीने सैल करू शकत नाही. ३ एप्रिल २०२१ पासून पुण्यात संध्याकाळी ६ ते सकाळी ६ संचारबंदी होती. दोनच दिवसांनी राज्याचा नवा आदेश लागू झाला, त्यात रात्रीची संचारबंदी ८ पासून. झालं! “मॅडम, आता आठपर्यंत चालतं, टीव्हीवर सांगितलं,” म्हणत आमचे तिघे साडेसहाला चालायला गेले आणि प्रत्येकी पाचशेची पावती घेऊन परतले. पावती मास्कची होती, तो हनुवटीवर होता. सहा वाजल्याबद्दल पोलिसांनी फक्त झापलं.

आदेश वाचून झाला की दहा ओळींचं मराठी टिपण करा आणि मूळ पीडीएफसोबत ग्रुपवर टाका. गेटवर छापील प्रत लावा. नवा आदेश आला की जुनी प्रत काढा. आमच्या गेटवर एकदा एकमेकांशी भांडणारे तीन आदेश शेजारी शेजारी लटकत होते.

३. सोसायटी काय करू शकते आणि काय नाही

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच आम्ही चुकलो.

भीती वाटली की कमिटीला आपण सरकार आहोत असं वाटायला लागतं. एप्रिल २०२० मध्ये आम्ही एकवीस नियमांचं पत्रक काढलं होतं. पेपर बंद. कामाच्या मावशी बंद. साठीच्या वरच्यांनी खाली उतरायचं नाही (मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते आणि पत्रकावर सही माझीच होती). कुरिअर आलं तर चोवीस तास गेटजवळच्या टेबलावर पडून राहील. त्यातलं एक कलम असं की ‘रुग्णालयात काम करणाऱ्या सभासदांनी लिफ्ट वापरू नये’.

आमच्याकडे चौथ्या मजल्यावर एक परिचारिका भाड्याने राहायची. बारा-बारा तासांची ड्युटी करून, तो अंगभर झाकणारा संरक्षक पोशाख घालून उतरवून, रात्री घामाने भिजून यायची आणि चार मजले चढायची. पंधरा दिवस ती काही बोलली नाही. मग एका सकाळी मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, “मॅडम, तुमच्या मिस्टरांचं बीपी तपासायला मी दर रविवारी यायचे ना, आता कुणाला बोलावता?” मला उत्तर देता आलं नाही. ते कलम त्याच दिवशी काढलं. तोवर केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२० ला अध्यादेश काढून साथरोग कायद्यात बदल केला होता. आरोग्यसेवकांना राहत्या किंवा कामाच्या जागी त्रास देणं हाही त्यात गुन्हा धरला होता, शिक्षा तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. आमचं पत्रक कुणी पोलिसांत नेलं असतं तर पुढे काय झालं असतं याचा मी आजही विचार करते. पण खरं सांगायचं तर मला बोचलं ते कलम नाही, तो रविवार.

तर, सोसायटी काय करू शकते : गेटवर तपासणी, सामायिक जागांची स्वच्छता, लिफ्टमध्ये एका वेळी किती माणसं ते ठरवणं, क्लबहाउस आणि बाग आदेशाप्रमाणे बंद ठेवणं, बाहेरून येणाऱ्यांची नोंद.

काय करू शकत नाही : आदेशाने ज्याला परवानगी दिली आहे ते परस्पर बंद करणं. सभासदाला किंवा भाडेकरूला त्याच्याच घरात येण्यापासून अडवणं. बरा होऊन आलेल्याकडून मनाला येईल तो दाखला मागणं. कमिटीने स्वतःच्या मनाने दंड लावून मेंटेनन्सच्या बिलात जोडणं. कामाच्या मावशींना सरकारने परवानगी दिली असेल तर ज्या घराला त्या हव्यात त्या घराने ठरवायचं. ज्याला नको त्याने बोलावू नये, पण पगार द्यावा.

जाता जाता वॉचमनबद्दल. आम्ही सगळे दारं लावून बसलो तेव्हा आमचे दोन वॉचमन मीटररूममध्ये राहत होते, एका स्टोव्हवर. त्यांच्यासाठी मास्क आणायचं कमिटीला नवव्या दिवशी सुचलं. तुमच्या यादीत ते पहिल्या दिवशी असू द्या : मास्क, साबण, रोजचं जेवण कोणत्या घरातून, आणि एक जण आजारी पडला तर त्याला कुठे ठेवायचं.

४. प्रवासाचा पास : कागदं आधीच तयार ठेवा

जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा. २०२० मध्ये लागला, मग बंद झाला, एप्रिल २०२१ च्या अखेरीस पुन्हा आला. पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, टोकन क्रमांक मिळायचा, तोच टाकून मंजूर झालेला पास उतरवून घ्यायचा. पुढच्या वेळी पद्धत बदलेल, पण मागितली जाणारी कागदं फारशी बदलणार नाहीत :

- प्रवाशांची ओळखपत्रं (आधार किंवा तत्सम) आणि अर्जदाराचा फोटो
- गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव आणि परवाना
- कारणाचा पुरावा : दवाखान्याची चिठ्ठी, दाखल असल्याचा कागद, लग्नपत्रिका, मृत्यूचा दाखला
- नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र, मागितलं तर
- जाण्याची आणि येण्याची तारीख, निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण

सगळी कागदं एकाच फाइलमध्ये जोडायला सांगत आणि फाइल जड असली की अर्ज पुढे सरकत नसे. मोबाइलवर फोटो हलका करणं आणि चार कागदांची एक पीडीएफ करणं हे घरातल्या एकाला तरी आजच शिकवून ठेवा. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचे वडील बार्शीला गेले. हा माणूस रडत रडत फोटो लहान करत बसला होता. शेवटी बी विंगमधल्या दहावीतल्या मुलीने ते काम चार मिनिटांत केलं.

नेहमीच्या चुका : येण्याची तारीख न भरणं आणि मग परत येताना नाक्यावर अडकणं. अर्जातली माणसं तीन आणि गाडीत पाच. आणि पास मिळाला म्हणजे गावाने आत घ्यावंच असा समज. गावात ग्रामसमिती असते, ती आल्यावर काही दिवस शाळेत किंवा घरात वेगळं राहायला सांगू शकते. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. २०२० च्या गणपतीत चाकरमान्यांनी दिवस मोजून मोजून आरती गाठली.

५. इमारतीत रुग्ण निघाला तर

पहिले दोन तास महत्त्वाचे. घाबरून फोन करणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा : श्वास घ्यायला त्रास आहे का? घरात वेगळी खोली आणि वेगळं संडास-बाथरूम आहे का? रुग्णाकडे बघायला सुदृढ माणूस आहे का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर बाकी काही न विचारता १०८ किंवा दवाखाना.

घरी राहणाऱ्यासाठी एक पेटी तयार असावी : थर्मामीटर, ऑक्सिमीटर, मास्क, जंतुनाशक, कचऱ्याच्या वेगळ्या पिशव्या, वही आणि पेन. दर चार तासांनी ताप, नाडी आणि ऑक्सिजन वहीत लिहायचं. कोविडमध्ये ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की थांबायचं नाही, डॉक्टरला फोन, असा नियम होता. हात गार असले किंवा नखाला नेलपॉलिश असलं तर यंत्र चुकीचं दाखवतं. एका रात्री आम्ही ८६ बघून अख्खी विंग जागी केली, आणि मग कळलं की काकूंनी मरून रंग लावला होता.

दिवस किती मोजायचे, हे पाठ करू नका. २०२० मध्ये घरच्या विलगीकरणाचे सतरा दिवस होते, एप्रिल २०२१ च्या सूचनेत दहा, आणि तेही शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर. जानेवारी २०२२ मध्ये सात झाले. जो माणूस ‘मागच्या वेळी तर’ असं म्हणून सुरुवात करेल त्याच्यापुढे चालू सूचनेची प्रत ठेवा. नवा रोग असेल तर ९४ सुद्धा उपयोगाचा नसेल.

सोसायटीचं कर्तव्यही आदेशात असतं. एप्रिल २०२१ मध्ये पाचपेक्षा जास्त सक्रिय रुग्ण असले की ती इमारत सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र ठरायची. गेटवर फलक लावायचा, बाहेरच्यांना प्रवेश बंद, ये-जा नियंत्रित. यात हयगय केली तर सोसायटीला पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, पुढे आणखी. आमच्या अध्यक्षांना फलक लावायचा नव्हता, ‘फ्लॅटचा भाव पडेल’ म्हणून. मी दंडाचा आकडा दाखवला, फलक अर्ध्या तासात लागला.

आणि फलकावर फ्लॅट क्रमांक लिहू नका. रुग्णांची यादी ग्रुपवर टाकू नका. ती सेक्रेटरी, अध्यक्ष आणि डबा पोहोचवणारा, एवढ्यांकडेच. पहिल्या लाटेत आम्ही नावं टाकली आणि दुसऱ्या लाटेत लोकांनी आजार लपवला. लपवलेल्या एका घरातून तीन घरं गेली, म्हणजे आजारी पडली. सगळे बरे झाले.

६. सामान आणि पैसे

१० जुलै २०२०, शुक्रवार. पुण्यात सोमवारच्या मध्यरात्रीपासून दहा दिवसांची कडक टाळेबंदी जाहीर झाली, पहिल्या पाच दिवसांत किराणासुद्धा बंद. शनिवार-रविवारी दुकानांपुढे जी झुंबड उडाली ती बघून मला वाटलं, दहा दिवसांत वाचेल तेवढं या दोन दिवसांत वाटून झालं. म्हणून घरात दोन आठवड्यांचं धान्य, नेहमीची औषधं महिन्याची, आणि एक भरलेला गॅस सिलिंडर कायम ठेवा. साठेबाजी नको, एवढंच पुरतं.

एकत्र भाजी मागवणार असाल तर आधी पैसे, मग टोपली. उधारीवर भाजी देऊन मी चार शेजारी गमावले. दुकानांची वेळ आणि घरपोच सेवेची वेळ वेगळी असू शकते : एप्रिल २०२१ मध्ये किराणा दुकान सकाळी ७ ते ११, घरपोच मात्र रात्री ८ पर्यंत. आमच्या म्हाताऱ्या मंडळींना हे कळायला आठवडा गेला, तोवर ती साडेदहाच्या उन्हात रांगेत.

७. अडवलं, दंड झाला, गुन्हा झाला तर

वाद घालू नका. कारण सांगा, कागद दाखवा. दंड भरला तर पावती घ्याच. पावतीवर कशाबद्दल ते लिहिलंय का बघा. गुन्हा नोंदवला गेला असेल तर त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि प्रकरण मिटेपर्यंत कागद जपून ठेवा. पावती आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तरुण मुलांना नीट सांगा. टाळेबंदीत १८८ खाली नोंद झालेल्या कित्येक मुलांना पुढे पासपोर्टच्या पडताळणीत अडचणी आल्या. २०२२ मध्ये राज्याने असे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं, पण तोवर दोन वर्षं गेली होती.

८. फाइलमध्ये काय आहे

निळ्या फाइलमध्ये सगळे आदेश तारखेने लावलेत, त्यात आमचं ते एकवीस कलमांचं पत्रकही आहे, लाल रेघ मारून. पाहुण्यांच्या नोंदवह्या मी फाडून टाकल्या, त्यात लोकांचे नंबर होते. कमिटीच्या ठरावांच्या प्रती मागच्या कप्प्यात आहेत, प्रत्येक खर्चाची पावती ठरावाला टाचलेली. ऑडिटरने त्याच पहिल्या मागितल्या होत्या. ३१ मार्च २०२२ नंतरचं काही नाही, राज्याचे निर्बंध तिथे संपले. पाडव्याला मी फलक काढला, तो जिन्याखाली आहे, पाठीमागची बाजू कोरी आहे.

दोन ऑक्सिमीटर वरच्या खणात आहेत. सेल फुटून यंत्र खराब होतं म्हणून काढून वेगळ्या पिशवीत ठेवलेत. ते आता संपले असतील, नवे आणा. पेन्सिल सेल लागत नाहीत, त्याहून बारीक.